रंगवलेलं चाक

जीप रंगवायची हा निर्णय आमच्या चळवळीच्या कमिटीचा होता. ती पनवेलच्या एका चाचांची, माझ्या जन्माच्याही आधीची, भाताच्या गोण्या वाहून थकलेली. त्यांनी ती चळवळीला वापरायला दिली आणि चळवळीने तिला आधी लाल केलं. बॉडी लाल, बंपर लाल. चाकं काढून आतूनबाहेरून लाल, चाक ज्या ड्रमवर टेकतं त्याचं तोंडही लाल, आणि रंग ओला असतानाच चाकं परत चढवली. भिंती रंगवण्यात हयात गेलेली माणसं. मोकळा पत्रा दिसला की ब्रश थांबत नाही.

सुनावणी अलिबागला होती, एकच दिवस, तीही दुपारपर्यंत. खाडीत कारखान्याचं पाणी सोडतात हे साहेबांसमोर उभं राहून सांगायला अख्ख्या गावातून एकच काकी तयार झाल्या होत्या. बाकीच्यांची पोरं त्याच कारखान्यात कंत्राटावर, त्यांचं तोंड कसं उघडणार? मागच्या खेपेला काकींना पुरावा काय म्हणून विचारलं आणि खाली बसवलं. म्हणून या वेळी त्यांनी खाडीत तरंगणारे मेलेले मासे टोपलीत भरले, वर ओलं गोणपाट टाकलं आणि मागच्या बाकावर येऊन बसल्या.

तळोज्यापासून आमचा कर्णा चालू होता. कळंबोलीत कॅसेट अडकली, कर्णा गप्प झाला, आणि मागून डावीकडून आवाज ऐकू आला. खट्, खट्.

मला वाटलं माईकचा स्टँड आपटतोय. तो मी मांडीवर घेतला. आवाज चालूच. जीप चालवणाऱ्या चाचांनी वेग कमी केला तसा तोही सावकाश झाला, म्हणजे चाकच. हे कधीपासून वाजतंय, चाचांनी विचारलं. कर्ण्याखाली कोणाला काय ऐकू येणार होतं?

बेअरिंग गेलं असणार, असं चाचा म्हणाले. जॅक लावून चाक उचललं, मी वरून-खालून धरून हलवलं. चाक हललं, पण आतला ड्रम जागचा हलला नाही. बेअरिंग गेलं असतं तर दोन्ही एकत्र हलले असते. म्हणजे नट. पान्याने आवळले तर सगळेच सहज फिरले आणि खालून लाल भुगा सांडला. नट लोखंडावर नाही, रंगावर आवळले होते. रंग दबून चुरा झाला आणि चाक सैल.

चाचांनी भुगा चिमटीत घेतला. मग म्हणाले, "बॉडीला रंग दिला, समजलं. चाकाला कशाला? ते काय भाषण करनार होतं?"

नट पुन्हा आवळून पुढे निघालो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ट्रकांच्या अड्ड्यापर्यंत पोचलो नाही तोच पुन्हा खट्, खट्. या वेळी चाक काढलंच. रिमची भोकं झिजून लांबट झालेली, दोन बोल्टांचे आटे साफ गेलेले. रिमचं काही नाही, स्टेपनी होती. बोल्ट नव्हते. मी एकेका दुकानात शिरलो. आजूबाजूला सळया, पत्रे, गर्डर यांचे डोंगर, देशभरातून आलेलं लोखंड, आणि बोल्ट मिळतील ते सगळे ट्रकचे, जाडजूड. आमच्या जीपला बसेल असा एक नाही. या देशात लोखंडसुद्धा मोठ्यांच्याच मापाचं येतं, असं मी त्या दुकानदाराला सुनावलं. तो बिचारा चहा पीत होता.

एस.टी.ला हात केला. कंडक्टरने टोपलीचा वास घेतला आणि दार ओढून घेतलं. रिक्षावाला थांबलाही नाही. काकींना म्हटलं, टोपली इथे ठेवा, आपण नुसते जाऊ.

"सायबासमोर परत रिकाम्या हातानं नाय जानार," काकी म्हणाल्या. "येकदा खोटी ठरले, बस झालं."

मग मी चाचांच्या मागे लागलो. आहे तशी चालवा, हळू चालवा. चाचांनी किल्ली खिशात टाकली. चाक निखळलं तर सुनावणी काकींची नाही, माझी होईल, म्हणाले, आणि जीपच्या सावलीत जाऊन बसले. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आमची लालभडक जीप तीन चाकांवर. ऊन चढलं. दुपार झाली. टोपलीवर माश्या घोंगावायला लागल्या.

काकींनी बाटलीतलं पिण्याचं पाणी गोणपाटावर ओतलं.

"उद्या आनखी मरतील," त्या म्हणाल्या. "ताजे नेऊ."

उद्या सुनावणी नव्हती. हे त्यांना माहीत होतं.