चौथ्या मजल्यावर टाकलेली दस्ती

मानोऱ्याच्या स्टँडवरून दुपारी चारला गाडी निघाली, तेव्हा मी खिडकीपाशी बसलो होतो आणि माझी बायको शोभा खाली उभी राहून गजाला धरून सूचना देत होती.

"तुमी तिथं जास्त बोलू नका. पोराले पाहा. मन भरलं त हो म्हना, नाई भरलं त वापस या. पन काई बी करा, पोरीच्या तोंडाकडं पाहून करा."

"हाव," मी म्हणालो. एका बाजूनं कंडक्टर घंटी मारत होता, दुसऱ्या बाजूनं ही बोलत होती. दोन्हीकडे लक्ष देणं जमलं नाही.

प्रकरण असं. आमची स्वाती चार वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे. तिनं स्वतःच एक मुलगा पाहिला आणि मला फोनवर सांगितलं, "बाबा, या, भेटा, आणि हो की नाही ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण मग दुसरा मुलगाही दाखवू नका." वर आणखी एक अट. जात, गोत, घरदार आधी विचारायचं नाही, आधी माणूस पाहायचा. मी म्हटलं, ठीक आहे. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होतो, तिकीट देताना कोणाला जात विचारली नाही. कुठून बसलात आणि कुठं उतरणार, एवढंच विचारलं. हे वाक्य मी स्टँडवर चार जणांना ऐकवलं होतं. मला त्याचा मोठा अभिमान होता.

इंझोरी मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती. कारंज्याला उतरलो आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत बसलो. ट्रॅव्हल्स आली आणि माझा पहिला गोंधळ तिथंच झाला. सवयीनं मी धावत जाऊन खिडकीतून दस्ती (हातरुमाल) आत टाकायला गेलो, तर खिडकी बंद! काचेला आपटून दस्ती माझ्याच तोंडावर पडली. क्लीनर हसत म्हणाला, "काका, नंबरची सीट हाय. तुमच्याशिवाय कोनी नाई बसत."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गाडी लागली की माणूस दारातून नंतर चढतो, दस्ती खिडकीतून आधी चढते. ज्याची दस्ती त्याची सीट. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडला की भांडणं होतात आणि ती कंडक्टरनं सोडवायची. दस्ती कोणाची, आधी कोणाची पडली, पिशवी मोठी की दस्ती, असे किती न्याय मी चालत्या गाडीत केले आहेत, त्याला गणती नाही.

पुण्याला सकाळी उतरलो. स्वाती घ्यायला आली होती. आंघोळ झाली, चहा झाला, आणि ती म्हणाली, "बाबा, बारा वाजता मॉलमध्ये भेटायचं."

"मॉलमध्ये? त्याचं घर नाही का?"

"आहे. पण त्याची आई म्हणाली, आधी बाहेर भेटू."

पोहे नाहीत, पाट नाही, पानसुपारी नाही! लग्नाची गोष्ट दुकानात करायची, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. पण शोभानं बोलू नका म्हटलं होतं, म्हणून गप्प राहिलो.

आधी सिटी बस पकडायची होती. बस येताना दिसली तसा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हात दाखवला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ निघून गेला. स्वाती म्हणाली, स्टॉप पुढे आहे. मी म्हणालो, माणूस इथं आहे तर बस इथंच थांबली पाहिजे, नाहीतर बस कोणासाठी आहे? पुढच्या बसमध्ये मात्र कंडक्टर पाहून जीव निवला. एवढ्या गर्दीत तो पोरगा एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं तिकिटं देत होता आणि पाय जराही हलत नव्हते. मी त्याला म्हणालो, "हात चांगला बसला तुमचा." तो म्हणाला, "पुढे सरका."

मेट्रोचं वेगळंच. स्वच्छ आहे, गार आहे, वेळेवर आहे, हे मान्य. पण गाडीत कंडक्टरच नाही! एक बाई कुठूनतरी पुढच्या स्टेशनचं नाव सांगते, पण ती दिसत नाही. कोणी कोणाला "कुठं चालले?" म्हणून विचारत नाही. समोरच्या माणसाकडे मी पाहून हसलो, तर तो मोबाइलमध्ये आणखी खाली वाकला. मला वाटलं, एवढे लोक आहेत आणि प्रवास एकट्याचाच आहे.

उतरल्यावर मी जुन्या सवयीनं तिकीट फाडून टाकलं. आमच्यात प्रवास संपला की तिकीट फाडतात, म्हणजे दुसरा कोणी ते वापरत नाही. आणि इथं बाहेर पडायच्या दाराला तेच तिकीट दाखवावं लागतं! दार काही उघडेना. मागे रांग. मी दोन्ही तुकडे जोडून दाराला दाखवत होतो, स्वाती कपाळाला हात लावून उभी होती.

एक रखवालदार आला. "काका, काहून फाडलं?" त्यानं विचारलं.

काहून (का) म्हणणारा माणूस पुण्यात! तो पुसदकडचा निघाला. त्यानं बाजूचं दार उघडून दिलं आणि म्हणाला, "आता वापस जातानी फाडजा नका." मी त्याला तिथंच जेवायला घरी बोलावलं असतं, पण घर मानोऱ्याला होतं.

आता मॉलबद्दल. आत शिरताना पिशवी तपासतात, खिसे चाचपतात, आणि एकदा आत गेलं की कोणी विचारत नाही. दुकानदार हाक मारत नाही. "या काकाजी, बसा, पाणी घ्या" असं कोणी म्हणत नाही. मी एका दुकानात गुडघ्यावर फाटलेली पँट पाहिली आणि प्रामाणिकपणे तिथल्या पोरीला दाखवली, की बाई, ही उंदरानं खाल्ली. ती म्हणाली, "सर, हीच स्टाइल आहे." खिडकी कुठंच नाही. बाहेर ऊन आहे, आभाळ आहे, दोन वाजले की सहा, काही कळत नाही. आणि सरकत्या जिन्याची तर मोठीच लबाडी. वर चढलं की पुढच्या मजल्याचा जिना लगेच समोर नसतो, पूर्ण चक्कर मारून दुसऱ्या टोकाला जावं लागतं. का? तर मधली सगळी दुकानं पाहावीत म्हणून. असा लांबचा रस्ता मी गाडीला लावला असता तर प्रवाशांनी मला उतरवून दिलं असतं.

चौथ्या मजल्यावर खाण्याची जागा होती. शनिवार असल्यानं ही गर्दी! स्वातीला फोन आला. त्या मुलाची, म्हणजे अविनाशची, आई खाली आली होती, पण सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला घाबरत होती. "बाबा, मी तिला लिफ्टनं घेऊन येते. तुम्ही चौघांची जागा धरा," म्हणून ती गेली.

जागा धरणं! सकाळपासून मला जमेल असं हे पहिलं काम. चार खुर्च्यांचं टेबल रिकामं झालं तसं एका खुर्चीवर खांद्यावरचा दुपट्टा टाकला, दुसरीवर दस्ती, तिसरीवर पिशवी, चौथीवर मी. आता मेहमानांपुढे जाण्याआधी हात-तोंड धुवावं म्हटलं. चौथ्या खुर्चीवर चष्म्याचं घर ठेवलं आणि निवांत उठलो. मोबाइलसुद्धा पिशवीतच ठेवला. दस्ती टाकली म्हणजे काळजी कसली?

हात धुऊन बाहेर आलो, तर मी आलो ते दारच सापडेना. एका जिन्यावर चढलो, तो खाली उतरवणारा निघाला. तिसरा मजला. तिथून वरचा जिना शोधायला चक्कर मारली, तर लहान मुलांच्या गाड्यांच्या मध्ये सापडलो. पुन्हा एक जिना, पुन्हा खाली. आता मात्र घाम फुटला. मेहमान येऊन बसले असतील. पोरीचा बाप कुठं, असं म्हणत असतील. स्वातीच्या जन्माचा प्रश्न आणि तिचा बाप चपलांच्या दुकानात उभा! एका पोलिसासारख्या दिसणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो पुतळा निघाला, कपडे घातलेला.

अर्ध्या तासानं एका म्हाताऱ्या बाईनं मला चौथ्या मजल्यावर पोचवलं. मनात एकच विचार होता, की टेबल गेलं. या शहरात दस्तीला कोण विचारतो?

टेबल होतं. चारही खुर्च्यांवर माझं सामान जसंच्या तसं होतं. आणि शेजारी एक तिशीतला तरुण उभा होता. हातात पाण्याच्या बाटल्या, कपाळावर घाम. एक कुटुंब त्याच्याशी वाद घालत होतं.

"अरे, कोणी बसलेलं नाहीये इथं. या खुर्चीवर तर कापड पडलंय फक्त."

"पडलेलं नाही, टाकलेलं आहे," तो म्हणाला. "कोणीतरी जागा धरलीय. येतील ते."

ते लोक कुरकुरत गेले. मी जवळ गेलो. का कोण जाणे, जागा माझी आहे हे लगेच सांगितलं नाही. म्हणालो, "तुमी काहून उभे? बसा न."

"नाही काका. दस्ती आहे कोणाची तरी."

शहरातल्या पोराच्या तोंडी दस्ती! मी विचारलं, "तुमाले काय मालूम दस्तीचं?"

तो हसला. "आमचं मूळ गाव मानोऱ्याकडचा एक बंजारा तांडा. आई-बाबा दरवर्षी दिवाळीनंतर इकडे बांधकामावर यायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. मानोऱ्याच्या स्टँडवर बाबांनी मला खिडकीतून आत ढकललं. मी आईची दस्ती सीटवर टाकली आणि तिच्यावर हात ठेवून बसलो. कंडक्टर आला, दस्ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ऊठ, मास्तरांना बसू दे. माझी बहीण तेव्हा पोटात होती. आई कारंज्यापर्यंत उभी आली. तेव्हापासून मी कोणाची दस्ती उचलत नाही."

मी खुर्चीवरच्या माझ्या दस्तीकडे पाहिलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबा! लिफ्टच्या रांगेतच अर्धा तास गेला. अरे, तुमची ओळख झालीसुद्धा?"

स्वाती होती. तिच्यासोबत एक सडपातळ बाई, डोक्यावर पदर, पायात नवी चप्पल. अविनाशची आई, कमलाबाई. अविनाशनं स्वातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. स्वातीचे वडील मानोऱ्याच्या गाडीवर कंडक्टर होते, हे त्याला माहीत असणारच. त्याचा चेहरा एकदम उतरला. "काका, मी... मला माहीत नव्हतं..."

खरं सांगतो, तो कंडक्टर मीच होतो का, हे मला आठवत नव्हतं. तो मार्ग माझा होता, आणखी तिघांचाही होता. पण मी तसं करत होतो. दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं बोचकी घेऊन निघायची, आणि अपडाउनवाले (रोज ये-जा करणारे नोकरदार) माझ्यावर ओरडायचे, की आम्ही रोजचे, हे वर्षातून एकदाचे. मग मी बोचकेवाल्यांच्या दस्त्या उचलायचो. एक नाही, कितीतरी. जात विचारली नाही म्हणून छाती फुगवणारा मी! विचारायची गरजच कुठं होती?

कमलाबाई खुर्चीपाशी उभ्या होत्या. दुपट्टा पाहून बसायला तयार नव्हत्या. मी माझा दुपट्टा स्वतःच्या हातानं उचलला.

"बसा बाई. तुमच्यासाठीच धरली होती."

त्या बसल्या. मी उभाच राहिलो. "बाई, तुमाले उभं केलं तो कंडक्टर मीच होतो का?"

स्वातीला काही कळेना. ती एकदा माझ्याकडे, एकदा अविनाशकडे पाहत राहिली. कमलाबाईंनी माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"आठवत नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "खाकी कपडा तेवढा आठवते. तोंडाकडं पाहाची हिंमत कोनाले होती?"

त्यानंतर आम्ही डोसा खाल्ला. चव कशी होती ते विचारू नका. मी हो की नाही सांगायला आलो होतो, आणि आता उत्तर देणारे ते होते. उठताना मी म्हणालो, "पोरगा मले पसंद हाय. आता तुमी सांगा."

"घरी विचार करून सांगतो," कमलाबाई म्हणाल्या. "आमी पोरगी पाहाले आलोच नोतो. पोरगी त पसंदच हाय. आमी बापाले पाहाले आलो होतो."

परतीच्या मेट्रोत स्वाती माझ्या शेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, खरंच तुम्हीच होतात का?"

"आठवत नाई. पन मी तसं करत होतो."

तिनं माझ्या हातातलं तिकीट काढून स्वतःकडे ठेवलं. रडत होती, पण तिकीट मी पुन्हा फाडेन याची काळजी तिला होती.

मानोऱ्याला उतरलो तर शोभा स्टँडवर हजर. "काय झालं? पोरगा पसंद हाय का?"

"मले हाय," मी म्हणालो. "त्यायले मी पसंद हाव का, ते मालूम नाई." मग घरापर्यंत चालता चालता सगळं सांगितलं. ती एकदाच म्हणाली, "मी तुमाले बोलू नका म्हनलं होतं, ते यासाठी नोतं म्हनलं. बरं केलं बोलले."

लोक आल्यावर विचारतात, पुणं कसं आहे? मी सांगतो, मेट्रो गार आहे, मॉलमधला जिना लबाड आहे. खरं म्हणजे मला पुणं काही कळलं नाही. आणि ज्या मार्गावर तीस वर्षं काढली, तो तरी कळला होता का, याचाही आता भरवसा वाटत नाही.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी स्वातीचा आला. हसत होती की रडत होती, समजेना.

"बाबा, ते लोक पुढच्या रविवारी आपल्याकडे येताहेत. बोलणी करायला. चौघं आहेत. पुण्याहून कारंज्यापर्यंत ट्रॅव्हल्सनं येतील, तिथून मानोऱ्याच्या लाल गाडीत बसतील. अविनाशच्या आईनं तुम्हाला निरोप दिलाय."

"काय निरोप?"

"म्हणाल्या, कंडक्टर साहेबाले सांगजो, कारंज्याले या आन चार जागा धरून ठेवा."

रविवारी पहाटे मी दुपट्टा घेतला, तीन दस्त्या घेतल्या, आणि पहिल्या गाडीनं कारंज्याला निघालो.