प्रत्यक्ष स्थितीचा रकाना

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका पंचायत समितीत मला पहिली नोकरी लागली. सरपंचपदांत बायकांचं आरक्षण नुकतंच लागू झालं होतं, तेव्हाची गोष्ट. वय चोवीस. काम असं, की गावाच्या विकास आराखड्यातली जी कामं 'पूर्ण' म्हणून कागदावर आली असतील, ती गावात जाऊन बघायची आणि पडताळणीचा फॉर्म भरायचा. फॉर्मच्या शेवटी 'प्रत्यक्ष स्थिती' असा रकाना होता. जिल्ह्याची तपासणी आठवड्यावर आली होती. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "एकच गाव राहिलंय. बौद्ध वस्तीतले पाच नळ. जाऊन सरपंचाची सही घेऊन या." बघून या, असं ते म्हणाले नाहीत, हे एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

गावात सरपंचबाईंचे सासरे फाट्यावरच उभे होते. द्राक्षबागायतदार, पांढरे कपडे, आवाज मऊ. सरपंच त्यांची सून होती, पण कारभार हेच बघायचे. बरोबर चार माणसं. मी म्हटलं, आधी वस्ती बघू. ते हसले, "चला की, आपल्याला काय लपवायचंय?"

नळ खरंच होते. सिमेंटचे ओटे, त्यावर चकचकीत पितळी तोट्या. मी एकेक करून पाचही तोट्या फिरवल्या. पाणी आलं नाही.

"आज वीज न्हाई," सासरे म्हणाले.

शेवटच्या ओट्याशेजारी एक निवृत्त फौजी उभा होता, वस्तीतलाच. तो पुढे आला, दोन्ही हातांनी नळ धरला आणि उपटला. हातभर लांबीचा पाइप सिमेंटच्या खपलीसकट बाहेर आला. खाली नुसती माती.

"म्याडम, वीज कुठनं येनार? खाली लाइनच न्हाई," तो म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने नळ हळूच ओट्यावर ठेवला आणि मागे सरकला.

ग्रामपंचायतीच्या खोलीत मला खुर्ची दिली. दारात माणसं उभी राहिली. सरपंचबाई कोपऱ्यात स्टुलावर, डोक्यावर पदर. ग्रामसेवकाने माझ्यापुढे भरलेला फॉर्म ठेवला. प्रत्यक्ष स्थिती : काम पूर्ण, पाणी सुरू आहे.

"पाइप पुढच्या महिन्यात टाकतोयच आमी," सासरे म्हणाले. "तुमी कुंडलच्या न्हवं? तुमच्या वडलांना वळखतो मी. मिल्ट्रीतनं आलेत. भला मानूस. त्यांच्या लेकीला हितं कसला तरास व्हायला नको."

त्यात एकही शब्द वाईट नव्हता. तरी मी पेनाचं टोपण काढलं. दार माणसांनी भरलेलं. शेवटची गाडी पाच वाजता. मी सही केली.

सरपंचाचा सही-शिक्का घेऊन कागद उद्या पोचवतो, असं ग्रामसेवक म्हणाला. बाहेर पडले तेव्हा हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. फाट्याच्या वाटेवर वस्तीतल्या दोन बायका भेटल्या. डोक्यावर घागरी. मैलावरच्या विहिरीवरून येत होत्या. एकीने थांबून विचारलं, "बाई, नळाचं झालं न्हवं?"

"झालं," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुढे गेली. तिला वाटलं, पाणी येणार.

मी तिथेच उभी राहिले. मग वळले. पाय चालत होते आणि मन म्हणत होतं, मूर्खपणा करतेयस.

खोलीत सरपंचबाई एकट्याच होत्या. माणसं चहाला गेली होती. फॉर्म त्यांच्यापुढेच होता.

"माझी सही अजून व्हायची हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिक्क्याची शाई वाळलीया म्हनून मीच सांगितलं त्यास्नी. सातवी झालीया माझी. वाचाया येतं मला."

"मला ते बदलायचंय," मी म्हटलं.

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी ओळ खोडली आणि लिहिलं : पाच नळ नुसते रोवले आहेत. एकाही नळाखाली पाइपलाइन नाही. पाणी येत नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं. खाडाखोडीशेजारी मी सही केली. त्यांनी एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. शाई चांगली ओली होती.

तेवढ्यात दारात सासरे.

"काय चाललंय?"

"आवं मामंजी, कागदात चूक हुती. दुरुस्त केली," सरपंचबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "बघू."

सरपंचबाईंनी कागदावर तळवा ठेवला होता. तो त्यांनी उचलला, कागदाची घडी घातली आणि सासऱ्यांसमोरून माझ्या हातात दिली. "तुमची यष्टी जाईल," त्या मला म्हणाल्या.

मी जवळजवळ पळतच निघाले. मागे वळून बघितलं नाही. त्यांना तिथे तशा सोडून आले, याची लाज मला अजून वाटते.

साहेबांनी फॉर्म वाचला आणि माझं टेबल बदललं. दुसऱ्या दिवसापासून मी आवक-जावकला. पण कागदावर सरपंचाचा शिक्का होता, तो कागद दाबणं साहेबांनाही जमलं नाही. जिल्ह्याचे अधिकारी वस्तीत गेले. फौजीने उरलेले चारही नळ त्यांच्यासमोर उपटून दाखवले, असं कानावर आलं. पुढच्या उन्हाळ्याआधी पाइप टाकला गेला. तीन नळांना पाणी आलं, दोन तसेच राहिले.

मधल्या काळात सरपंचबाई एकदा तालुक्याला बैठकीला आल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी घरी काय झालं?

"पंधरा दिस घरात कुनी बोललं न्हाई माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. मग पदराआड हसल्या. "लय निवांत गेलं."

डबा बाजूला ठेवून त्या माझ्याकडे झुकल्या. "आवं बाई, शाळंच्या नव्या खोलीचा बी असाच कागद असतोय का? कुनाकडं मागायचा त्यो?"