हवा कमी हाय

आमच्या वाडीपासून कळंबपर्यंत जे काही आहे त्याला रस्ता म्हणायचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आधी डांबर उडून खडी वर आली. मग पाइपलाइनसाठी चर खणले, ते मुरूम टाकून बुजवले, आणि उरलंसुरलं उसाच्या ट्रॅक्टरांनी नेलं. या रस्त्यानं मी रोज सायकलवर माझ्या शिलाईच्या दुकानात जाते. स्कूटी शिका म्हणून सांगू नका, सगळ्यांचं सांगून झालंय. सायकल माझी आहे आणि त्या वाटेवर कुणी मला चहा टाक म्हणत नाही, एवढं मला पुरतं.

मागच्या दिवाळीच्या आधी हाताला मुंग्या यायला लागल्या. दुकानात पोचले की बोटं बधिर. मशीन चालवता यायचं, पण हूक लावताना, काजं करताना सुई बोटात आहे की नाही तेच कळेना. एकीच्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्ताचा ठिपका पडला, टोचल्याचं मला कळलंही नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. मंचरचे डॉक्टर म्हणाले, रस्त्याचे हादरे हँडलवरून हातात जातात, नस दुखावलीये, असंच चाललं तर बोटं कायमची जातील. सायकल सोडा. सांगणाऱ्याचं काय जातं.

सायकल सोडायची नव्हती आणि सुई सोडून चालणार नव्हतं. मग नवऱ्याला घेऊन जुन्नरला सायकलच्या दुकानात गेले. बसणार मी, हात माझे, आणि दुकानदार बोलतोय नवऱ्याशी. "वैनींना शॉकअपवाली घ्या भाऊ, गादीवर बसल्यागत वाटंल." नवऱ्यानं मान डोलावली, सायकल घरी आली. चढाला पायडल मारलं की पुढचं चाक माना डोलवायचं, माझा दम निघायचा, आणि मुंग्या होत्या तशाच. मग स्प्रिंगची रुंद सीट घातली. बूड खूश झालं, हात तसेच. हँडल वर घेतलं, मुठींना जाड स्पंज लावला, थोडा फरक पडला. थोडाच. दर वेळी कुणीतरी शहाणा नवी वस्तू सुचवायचा आणि मी वेड्यासारखी लावून घ्यायचे.

एकदा येताना टायरमधली हवा हळूहळू कमी होत गेली. पंप जवळ नव्हता, तशीच शिव्या देत आले. घरी उतरले तर हात शांत. नव्या सायकलची टायरं रुंद होती, त्यामुळं रिमही आपटली नाही. मग रोज थोडी थोडी हवा कमी-जास्त करून पाहिलं आणि माझं माप सापडलं: अंगठ्यानं दाबलं की टायर जरासं आत जावं. बस. इतकी साधी गोष्ट, आणि मी जुन्नर पालथं घातलं होतं.

पण आमच्याकडच्या माणसांना उभ्या सायकलचं टायर दाबून बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सगळ्यांनी सायकलवरून दूध वाहिलंय, पेंडीची पोती वाहिलीत, त्यामुळं टायर कसं, दगड पाहिजे. "वैनी, हवा कमी हाय." गिरणीत दळण ठेवून बाहेर येईपर्यंत गिरणीवाल्यानं हवा भरलेली असायची, वर आभाराची वाट बघत उभा. काय बोलणार, लई चांगला माणूस.

घरात तर रोज सकाळी दोन्ही टायर टणक. नवऱ्यावर संशय घेतला, तो शपथा घ्यायला लागला. एके दिवशी लवकर उठून पाहते तर अंगणात सासरे पंप मारताहेत. मारायचे, दाबायचे, मान हलवायचे, पुन्हा मारायचे. सासरे सुनेशी बोलणार ते भिंतीकडं बघून, तेही गरजेपुरतं. मी म्हटलं, आबा, मला हवा कमीच लागते. भिंतीला उत्तर मिळालं, "नरम टायरनी ट्यूब कापती. आमी कळंबला दूध घातलंय."

नवऱ्याकरवी सांगितलं. पंप लपवला, तर त्यांनी शेजारून मागून आणला. मग मी वळणावर उतरून रोज हवा सोडायला लागले. उशीर झाला की तशीच जायचे, आणि लग्नसराईत रोजच उशीर. मुंग्या परत आल्या. नवरीच्या ब्लाउजची काजं तीनदा उसवली आणि माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी ते पंप मारत असतानाच अंगणात गेले आणि व्हॉल दाबून त्यांच्यासमोर हवा सोडली. म्हटलं, "आबा, माझे हात चाललेत. ट्यूब गेली तर नवी येईल." त्यांनी पुन्हा पंप जोडला. आमच्यात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. मी सरळ त्यांचा अंगठा धरला आणि टायरवर दाबला. "एवढं आत गेलं पाहिजे. कळतंय का?"

त्यांनी दाबून पाहिलं. दुसऱ्या हातानं पाहिलं. "न्हाई कळत," म्हणाले.

मला वाटलं, हट्टच आहे. आवाज चढवणार तेवढ्यात ते म्हणाले, "बोटांना काय बी कळत न्हाई पोरी. दूध घालत व्हतो तवापासनं. म्हणून जरा जास्तच भरतो."

मी चिडलेलीच होते, चिडूनच विचारलं, "मग डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवून काय व्हणार व्हतं? सकाळी दूध घालायचंच व्हतं."

त्यांचा अंगठा अजून माझ्या हातात होता. मी तो घट्ट दाबला. ते टायरकडंच बघत होते, त्यांना कळलं नाही.