सांडशीनं उचललेल्या बांगड्या

"तिथं ठेव," वैनी म्हणाली.

माझा हात पुढे होता. तळव्यावर तिच्या सोन्याच्या बांगड्या. आत्ताच काढलेल्या, माझ्या घामानं ओल्या. तिनं हात पुढे केला नाही. हनुवटीनं मोरीचा कट्टा दाखवला. मी ठेवल्या.

मग म्हणाली, "थोडी चिंच भिजव गो. त्या डब्यात आहे बघ."

मी भिजवली. कोमट पाण्यात कोळ काढला. मला वाटलं, रसमसाठी असेल. तिनं त्यात चिमूटभर हळद टाकली. भिंतीवरची सांडशी काढली, जिनं आपण चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवतो ती. आणि सांडशीनं एकेक बांगडी उचलून त्या पाण्यात सोडली. टण्. टण्.

मी हाताच्या अंतरावर उभी. शूटिंगवाले अजून वायरी गुंडाळत होते. तिनं काही लपवलं नाही. रागातही नव्हती. गुणगुणत होती. जसं भाजी धुवावी, तसं चाललेलं.

"दमलीस ना आज?" म्हणाली. "कॉफी पिऊन जा. मागच्या दारी तुझा टंबलर आहे."

आणि ऐका, सकाळी ह्याच बाईनं माझा हात आपल्या हातात घेतला होता. साबणाचा फेस लावून, एकेक बांगडी स्वतः चढवली होती. "हाड बारीक आहे गो तुझं, कशी सर्रकन गेली!" असं म्हणून हसली होती. मी पण हसले होते. माझ्या आईनंतर माझा हात असा कुणी धरला नव्हता.

चिंच मीच भिजवली. हे मला अजून गिळता येत नाही.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मध्येच कुठून सुरू झाली.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीतले. आमची मराठी तुम्हाला जुनी वाटेल, चालीत तमिळ ऐकू येईल. वैनीचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, तेही तंजावूरचे मराठी. त्यांचे वाडवडील राजाचं दप्तर लिहायला आले. आमचे राजाच्या घोड्यांची लीद काढायला आले. एकाच वाटेनं आले, एकाच नदीचं पाणी प्याले. पण अण्णांची गल्ली पुढची, आमची मागची. घोडे कधीच गेले. वास आमच्या नावाला राहिला.

अण्णांची जाहिरातीची कंपनी होती. जुन्या बसस्टँडजवळ, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. माझा नवरा त्यांच्यासाठी भिंती रंगवायचा. साबण, विडी, धोतरं, जे सांगतील ते. मग ते दिवस आले, तुम्हाला आठवत असतील. घराघरावर छत्र्या लागल्या, टीव्हीवर चॅनलच चॅनल. बाहेरच्या देशातली पेयं आमच्या पेटीवजा दुकानांत आली. जो तो दुकानदार म्हणायला लागला, मला भिंत नको, मला टीव्हीवर यायचंय. भिंतींचं काम गेलं. तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझ्या बायकोला पाठव. आपलीच माणसं. ऑफिसात कॉफी करेल, झाडलोट करेल, सकाळी आमच्या घरची भांडी घासेल."

आपलीच माणसं. हा शब्द लक्षात ठेवा.

खोटं कशाला बोलू, मला ते ऑफिस फार आवडलं. असं ऑफिस मी पाहिलं नव्हतं. मद्रासहून आलेली पोरंपोरी. जमिनीवर लोळून विचार करायची. कागदाचे बोळे करून एकमेकांना मारायची. साहेब नाही, मॅडम नाही, सगळे नावानं. वाढदिवसाला केक, आणि पहिला घास मला. नवीन कुणी आलं की अण्णा तमिळमध्ये सांगायचे, "इथं जात नाही. इथं फक्त आयडिया." मी झाडू हातात धरून ते ऐकायची आणि माझी मान ताठ व्हायची.

त्यांची एक रीत होती. ओळ लिहून झाली की कुणीतरी ओरडायचं, "अक्काला ऐकवा!" मग लिहिणारी मुलगी, चष्मेवाली, हुशार पोर, माझ्यासमोर उभी राहून ओळ वाचायची. मी हसले तर ओळ पास. मी नुसतं "बरं आहे मा" म्हटलं की बोळा. शहाणी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. कुणाला आवडणार नाही सांगा?

माझी कॉफी सगळे प्यायचे. अण्णा सोडून. त्यांची घरून फ्लास्कमधून यायची. "माझं पोट नाजूक आहे गो," म्हणायचे. त्या पोटासाठी मी ओव्याची पुरचुंडी नेऊन दिली होती. वैनीला विचारायची, अण्णांचं पोट कसं आहे? ती म्हणायची, "आहे तसंच."

वेडी मी.

मग कॉफी पावडरीची जाहिरात आली. मालक पापनाशमकडचे. ओळ अशी ठरली, 'आईच्या हातची कॉफी'. तमिळमध्ये. ती ऐकून मी हसले नव्हते, माझे डोळे भरले होते. ती पण पास.

शूटिंग अण्णांच्या घरी, मेडिकल कॉलेजच्या वाटेवर त्यांनी बांधलेलं, तिथल्या स्वयंपाकघरात. जाहिरातीतली आई म्हणून मद्रासची नटी आली. गोरी, गोड. पण नखं अशी लांब लाल. मालक म्हणाले, "हे आईचे हात वाटत नाहीत." मग मला कळलं, जाहिरातीतली बाई एक नसतेच. तोंड एकीचं, आवाज दुसरीचा, हात तिसरीचे. कापून जोडतात. दिग्दर्शकानं खोलीभर नजर फिरवली. माझ्या हातांवर थांबली.

"अक्काचे घ्या. अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे बघा. अस्सल वाटतं."

डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये, टंबलरमधून डबऱ्यात, फेस येईपर्यंत वरून धार सोडायची. दिवसभर तेच. दिवे इतके तापलेले की मनगटावरचा घाम सोन्यात जात होता. सगळे टाळ्या वाजवत होते.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. चिंच. हळद. सांडशी.

त्या दिवशी मी मागच्या दारी गेले, माझा टंबलर घेतला, कॉफी प्याले. तो टंबलर तिथं कोनाड्यात कितीतरी वर्षं वेगळा होता. मीच रोज घासायची. त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

माझी लेक तेव्हा दहावीत. जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या गल्लीतलं एकुलतं टीव्हीचं घर भरून गेलं होतं. वर त्या नटीचं तोंड, खाली माझे हात. लेक उभी राहून ओरडली, "आईचे हात! आईचे हात!" बायकांनी माझे हात ओढून ओढून डाग पाहिला. एक म्हातारी म्हणाली, "अय्यो, डाग पण टीव्हीत गेला!" काय हसलो आम्ही.

मग बसस्टँडवर मोठा फलक लागला. नुसते हात. माझा अंगठा माणसाएवढा. लेक शाळेत जाताना त्याच्याखाली उभी राहायची. शाळेत सांगितलं, हे माझ्या आईचे. कुणाला पटलं नाही.

नवरात्र आलं. आमच्याकडे घराघरात पायऱ्या मांडून बाहुल्या ठेवतात, मुली बघायला जातात, गाणं म्हणतात, उसळ मिळते. लेक आपल्या मैत्रिणींना घेऊन वैनीकडे गेली. मी तिथंच होते, मागच्या अंगणात समया घासत. आवाज ऐकू येत होता.

"वैनी, ह्यांना सांगा ना," माझी लेक म्हणाली. मराठीत सुरू केलं, मग मैत्रिणींसाठी तमिळमध्ये. "त्या जाहिरातीत माझ्या आईचेच हात आहेत ना?"

वैनीचं हसू ऐकू आलं.

"काय गो ही पोर! ते मद्रासच्या नटीचे हात. तुझी आई तिथं भांडी घासत होती हो."

मुली खिदळल्या. मी राखेचे हात तसेच घेऊन दारात आले. लेकीनं मला पाहिलं. तोंड उघडून वाट पाहत होती, की आई आता बोलेल. वैनीनंही मला पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, बोलू नको.

मी नाही बोलले.

वैनीनं पानावर उसळ घेतली आणि लेकीच्या ओंजळीत वरून टाकली. बाकीच्या मुलींच्या हातात पान दिलं. तिच्या ओंजळीत वरून.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बाजूला घेतलं. प्रेमानं बोलले, मराठीत. "लेकीला समजाव. साबणाची जाहिरात असती तर गोष्ट वेगळी. ही कॉफी आहे. लोकांच्या तोंडात जाते. हात कोणाचे हे कळलं तर कोण विकत घेईल? मी नाही मानत गो हे काही. पण लोक."

मी त्यांच्या टेबलावरच्या फ्लास्ककडे पाहिलं. पोट नाजूक. इतकी वर्षं. मला एकदम सगळं कळलं, आणि कळल्यावर आधी राग नाही आला. आधी लाज आली, त्या ओव्याच्या पुरचुंडीची.

घरी लेक माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझा हात उचलून तिनं डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अम्मा, हा हात कोणाचा?" तमिळमध्ये. त्याआधी ती मला आई म्हणायची.

पोंगलसाठी मालकांना दुसरी फिल्म हवी होती. तेच हात हवेत म्हणाले, लोकांना ओळखीचे झालेत. तेच स्वयंपाकघर, तेच दिवे. मालक स्वतः आले होते. तालीम म्हणून मी धार सोडली, आणि तो टंबलर कुणीतरी मालकांच्या हातात दिला. "वा," म्हणाले.

वैनी बांगड्या आणि साबण घेऊन आली. "दे गो हात."

मी हात पाठीमागे घेतले.

"नंतर ह्या कशानं उचलणार वैनी?" मी विचारलं.

तिला कळेचना. खरंच कळेना. अण्णांना कळलं. ते जवळ आले, हळू आवाजात मराठीत म्हणाले, "आपल्यातलं आपल्यात ठेव. हे लोक परके आहेत."

त्या खोलीत मराठी आम्हा तिघांनाच येत होती. तिच्यात मला गुंडाळून ठेवायचं होतं त्यांना. सांडशी पण मराठीच, आणि गप्प बस पण मराठीच.

मी तमिळमध्ये बोलले. मोठ्यानं.

"फलकावरचे हात माझे आहेत. मी लीद काढणाऱ्यांच्या गल्लीतली. ह्या बांगड्या माझ्या हातातून निघाल्या की ह्या घरात चिंचेच्या पाण्यात धुतात. आणि माझ्या लेकीला सगळ्यांसमोर खोटी ठरवतात. आज तिला इथं बोलवा, आणि हात कोणाचे ते तिच्यासमोर सांगा. मग धार सोडते."

मालकांनी टंबलर खाली ठेवला. अर्धा भरलेला. हळूच, आवाज न करता. चष्मेवाली मुलगी, जिच्या ओळी माझ्या हसण्यावर पास व्हायच्या, ती हातातला कागद वाचत राहिली. मी तिच्याकडे किती वेळ पाहिलं. वर बघेल म्हणून. नाही बघितलं.

मी निघाले. दारात वैनी रडत होती. "मी तुला काय कमी केलं गो?" म्हणाली. सणाची साडी दिली होती तिनं. लेकीच्या तापात डॉक्टर पाठवला होता. सगळं खरं. तिचं रडणंही खरं. माझ्या काळजाचा तुकडा तिथंच पडला, कारण मला ती बाई आवडायची हो. आजही स्वप्नात येते, साबणाचा फेस घेऊन.

त्यांनी दुसरे हात शोधले. फिल्म झाली. बसस्टँडवरचा फलक वाऱ्यापावसानं फाटेपर्यंत माझे हात तिथंच होते. मी तिरुवैयारूच्या रस्त्यावर छोटं कॉफीचं दुकान टाकलं, रोज त्याच फलकाखालून बस पकडायची. कुणी ओळखलं नाही.

आता हे सगळं का लिहिते? देवनागरी मी शाळेत नाही शिकले. त्याच ऑफिसात, हिंदी जाहिरातींच्या अक्षरांचे कागद केरात यायचे, ते जुळवून जुळवून शिकले. इतके दिवस लिहिलं नाही. पण गेल्या वर्षी आपल्या मराठी मंडळींच्या मेळाव्याचे लोक दुकानात आले. धोतरं, अंगरखे, गोड बोलणं. म्हणाले, आपली भाषा मरतेय आजी. पोरं बोलत नाहीत. तुमची मुलगी पण तमिळच बोलते ना? समजावा तिला. आणि मेळाव्याला या, तुमच्या हातची कॉफी ठेवू.

माझी लेक मराठी का बोलत नाही, ते वर लिहिलंय. नीट वाचा. तिला सगळं कळतं. तिनं सोडली. त्या नवरात्रात, ओंजळीत उसळ पडली तेव्हा. कॉफीही सोडली तिनं. माझ्या हातचीसुद्धा.

मी त्यांना म्हटलं, करते कॉफी. पण आधी माईकवरून माझं नाव घ्या. गल्लीचं नाव घ्या. सांगा, ही हिच्या हातची आहे. मग पहिला टंबलर तुम्ही उचला, स्टेजवर, सगळ्यांसमोर, आणि तळाशी थेंब राहू देऊ नका.

ते एकमेकांकडे बघायला लागले. "बघू आजी," म्हणाले.

बघू नका. मी पुष्कळ बघितलंय. यंदा पुन्हा येणार आहेत म्हणे. या. चूल पेटलेली असेल, दूध उतू जात असेल. पण चारचौघांत माझं नाव घेतल्याशिवाय त्या मेळाव्यात माझ्या हातची धार पडणार नाही. तोवर माझा डबरा पालथा. आणि मला 'आपली' म्हणायचं नाही.