घासून गेलेला नंबर

माझ्या बायकोनं ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. व्याही आले तर बसवायचे कुठं? गाडीला दारं दोनच. मागं म्हणायला एक सीट होती, पण तिथं फार तर पोतं बसलं असतं, व्याही नाही. आमची मुलगी पुण्याला नोकरीला, तिचं लग्न ठरायचं दूरच, पण बायको पुढचं बघणारी बाई आहे. मी म्हटलं, व्याह्यांना एसटीनं येऊ दे.

गाडी मला सिंदी रेल्वे या गावी मिळाली. एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागं, टिनाच्या छपराखाली, कित्येक वर्षं उभी होती. परदेशी बनावटीची, लांब नाकाची, बुटकी, छप्पर मागं घसरत गेलेलं. लाल रंगाचा विटकरी झाला होता आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. व्यापाऱ्याच्या मुलाला ती जागा मोकळी करून हवी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून आमच्या गावी, पिपरी मेघेला आणली तेव्हा गल्ली गोळा झाली आणि सगळ्यांत पुढं भंगारवाला उभा होता.

अशी गाडी मी का घेतली, हे सांगायचं तर माझा धंदा सांगावा लागतो. बावीस वर्षं मी परिवहन कार्यालयाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले आणि गाड्यांच्या चेसिस नंबरचे छाप घेतले. गाडी विकायची असो, नाव बदलायचं असो, कागदावर चेसिस नंबरचा छाप लागतो. नंबर पत्र्यात ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी फिरवायची, अक्षरं उमटतात. ऐकायला सोपं आहे. पण कुठल्या गाडीचा नंबर कुठं दडलेला असतो, सीटखाली, चाकामागं की इंजिनाच्या पाठीशी, हे माहीत असावं लागतं. मला सगळं माहीत होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांपुढं वाकलो, आडवा झालो, कपाळाला ऑइल लावून घेतलं, आणि संध्याकाळी सायकलवर घरी आलो. माझ्या नावाची गाडी कधी नव्हतीच. लायसन्स मात्र होतं, दर वेळी वेळेवर नवं करून घेतलेलं.

आणि मग डोळे गेले. एकदम गेले असते तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. दवाखान्यात एका यंत्रात तोंड घालून बसवलं. समोर बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ नुसताच बसून होतो, मला वाटलं यंत्र बंद पडलंय. यंत्र चालू होतं. डाव्या बाजूचे दिवे मला दिसतच नव्हते. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, औषध चुकवू नका, आणि गाडी चालवायचा विचार आता सोडा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय.

गाडी त्यानंतर दोन महिन्यांनी घेतली. शहाण्या माणसानं उलटं केलं असतं. पण मला एवढंच हवं होतं: एकदा, दिवसाउजेडी, माझ्या नावाच्या कागदांवर, माझ्या हातानं ती गाडी पुलगावपर्यंत न्यायची. पुलगाव बायकोचं माहेर. सत्तावीस वर्षं आम्ही तिथं मांडीवर पिशव्या घेऊन बसनं गेलो. एक वेळ तिला दारासमोर उतरवायचं आणि परत यायचं. मग डोळ्यांचं जे व्हायचं ते होवो. नजर किती दिवस पुरेल, हे मला कुणी सांगत नव्हतं, म्हणून मला घाई होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा एक डेंटर राहतो. रविवारी तो यायचा. कुजलेला फरशीचा पत्रा त्यानं कापून काढला, नवा वेल्ड केला. इंजिन नागपूरला पाठवून बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर नव्यानं कातून आणलं. मी बाकीचं करत होतो. स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून गाडी चार बोटं खाली बसवली, सोफेवाल्याकडून दोन घट्ट सीटा शिवून घेतल्या, जाड पाइपाचा सायलेन्सर बनवला. जुना सायलेन्सर फेकला नाही. तपासणीच्या दिवशी जुना लावायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जाड, ही आमच्याकडची रीतच आहे. ती मीच कितीकांना शिकवलेली. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या घरातला भांड्यांचा रॅक वाजला. शेजारीण भांडायला आली आणि मी तिच्यासमोर उभा राहून हसत होतो. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता.

नोंदणीची मुदत संपत आली होती. त्याआधी गाडी तपासणीला उभी करायची होती. एकच जागा राहिली होती, इंजिनाच्या मागचा आडवा पत्रा. त्यावर गंज होता आणि त्याच पत्र्यावर, डाव्या अंगाला, चेसिस नंबर होता. डेंटरला मी शंभरदा बजावलं होतं की त्या पत्र्याला हात लावायचा नाही. तो मीच करणार. नंबर कसा जपावा हे माझ्याइतकं वर्धा जिल्ह्यात कुणाला कळतं, असा माझा तोरा. नंबरावर मी कापडी पट्टी चिकटवून ठेवली होती. रॉकेलनं धुताना ती कधी निघून पडली, मला दिसलं नाही.

दुपार होती, भरपूर ऊन होतं. ग्राइंडरला खरखरीत चकती लावली आणि उजवीकडून सुरुवात केली. ठिणग्या उडत होत्या, गंज जात होता, खाली पांढरा पत्रा निघत होता. मजा येत होती. हात सरकत सरकत डावीकडं गेला. ग्राइंडर बंद केला आणि सवयीनं त्या जागेवरून बोट फिरवलं. तिथं काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. मान तिरकी करून उजव्या बाजूनं बघितलं. पत्रा स्वच्छ, गुळगुळीत. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

मी ग्राइंडर मांडीवर घेऊन तिथंच खाली बसलो. नंबर नसलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. तिला कुणी पास करत नाही, तिचं नाव बदलत नाही, तिला भंगारात घ्यायलाही माणूस दहादा विचार करतो. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला टेबलापुढं उभं करून झाडलं असतं. मला स्वतःची इतकी किळस आली की संध्याकाळी ताट तसंच सरकवून उठलो. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. मी त्या दिवसांत घरात एकही गोष्ट खरी सांगत नव्हतो.

डेंटरनं पाहिलं, डोकं खाजवलं आणि तोड काढली. गाडी नावावर करताना घेतलेल्या छापाची एक प्रत माझ्याजवळ होतीच. आकड्यांची ठोकणी, म्हणजे पोलादी छापे आणायचे, तोच नंबर तिथंच ठोकायचा, वरून रंग मारायचा. "नंबर तं गाडीचाच हाय, आपन काई दुसऱ्याचा टाकून नाई राह्यलो," तो म्हणाला. हे त्याचं खरं होतं आणि हा गुन्हाही होता. घरी ठोकलेला नंबर मी एका नजरेत ओळखायचो आणि लोकांना परत पाठवायचो. तरी मी ठोकण्यांची पेटी मागून आणली. माझी मती तेवढी फिरली होती. दिवस संपत होते, नजर संपत होती आणि मला पुलगाव सोडून काही सुचत नव्हतं.

आधी सराव करावा म्हणून पत्र्याचा एक तुकडा घेतला. एकेक ठोकणं जागेवर धरून हातोडी मारत गेलो. माझ्या मते आकडे सरळ रांगेत पडले. तुकडा भिंतीशी ठेवून मी हात धुवायला गेलो.

परत आलो तर बायको तो तुकडा उन्हात धरून उभी होती. आकडे एकमेकांच्या अंगावर चढले होते, दोन तर पत्र्याच्या कडेबाहेर अर्धे गेले होते. मग तिनं विचारलं, "तुमाले दिसत नाई ना?"

मी म्हटलं, चष्मा बदलायचाय.

"चष्म्याचं नका सांगू. कधीपासून?"

मी सांगितलं. यंत्रातले दिवे, डॉक्टरीणबाई, गाडी चालवू नका म्हणाल्या ते, सगळं. पुलगावचंही सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं मला तिथं, त्या चिखलात, ऑइलात, मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्या शेजारी बसून रस्त्यावर मरायला ती तयार होती की नाही, हे विचारायची गरज मला वाटली नाही का, असं ती म्हणाली. मग ती ठोकण्यांची पेटी उचलून स्वतः परत देऊन आली.

सरळ वाट एक होती आणि ती मला पाठ होती. नंबर गेला तर तसा अर्ज करायचा, जुन्या नोंदी जोडायच्या, चौकशी होते, परवानगी मिळाली की अधिकाऱ्यांसमोर नंबर नव्यानं ठोकतात. असे अर्ज मी लोकांना लिहून दिले होते. कारण एकच लिहायचो, गंजामुळे नंबर झिजला. कुणी पुढं विचारलं नाही.

आता मला रेघांमध्ये लिहिता येत नव्हतं, म्हणून बायको लिहायला बसली. मी सांगत होतो, ती लिहीत होती. महोदय झालं, विषय झाला, गाडीचा तपशील झाला. मी म्हटलं, गंजामुळे सदर नंबर झिजला असून. तिनं पेन खाली ठेवलं.

"गंजानं गेला काय?"

मी म्हटलं, असंच लिहितात.

"कोनानं घासला अन् काऊन घासला, ते सांगा. नाई तं मी नाई लिहीत."

तिला कागदपत्रातलं कळत नव्हतं असं नाही. डोळ्यांचं कारण त्या कागदावर गेलं की माझ्या लायसन्सची फाइल उघडणार, डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणार, आणि ते मला कुणी देणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. म्हणूनच ती अडून बसली होती. गंज लिहिलं तर गाडी माझ्या हातात राहणार होती. खरं लिहिलं तरी गाडी वाचणार होती, पण मी तिच्यातून उतरणार होतो. मी तिच्यावर ओरडलो. माझा एवढा एक दिवस तुला बघवत नाही, असंही बोललो. ती पेनाला हात लावेना. चहा थंड झाला, त्यावर साय आली. शेवटी मी सांगितलं आणि तिनं लिहिलं: माझी दृष्टी क्षीण झाल्यामुळे माझ्याच हातून. पुढचं मला बोलवेना. ते वाक्य तिनं पूर्ण केलं. सही कुठं करायची ते बोट धरून दाखवलं.

पाच महिने गेले. नंबर रीतसर ठोकून मिळाला, गाडी पास झाली. लायसन्स गेलं. त्या दिवशी मी इतका चिडलो होतो की गाडीवर ताडपत्री टाकून मी दोन आठवडे तिच्याकडं फिरकलो नाही. पेटवून द्यावी असंही मनात आलं. बायको रोज सकाळी मोटार शिकवणाऱ्यांकडं जात होती. तिला तोवर फक्त स्कूटी यायची.

तिचं लायसन्स आल्यावर, हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही पुलगावला निघालो. ती चालवत होती, मी डावीकडच्या सीटवर. तिनं गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. एवढं इंजिन बोअर केलं, एवढी गाडी खाली बसवली, आणि दूधवाले आम्हाला मागं टाकून जात होते. मी आतल्या आत जळत होतो. दाब जरा, रस्ता मोकळा आहे, असं मी तिला तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं करकचून ब्रेक मारला. माझं डोकं समोर आपटलं. गाडी बंद पडली. डावीकडच्या पांदणीतून, शेतातल्या वाटेवरून एक ट्रॅक्टर, मागं कापसानं भरलेली ट्रॉली, आमच्या नाकासमोरून सावकाश रस्त्यावर चढला. केवढा मोठा ट्रॅक्टर. माझ्याच बाजूनं आला होता. तो समोर येईपर्यंत मला दिसला नव्हता.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. चावी फिरवली, गाडी पुन्हा सुरू केली. ती होती तिथं, उजवीकडच्या सीटवर, मी असतो तर. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

बरंच पुढं गेल्यावर मी तिला विचारलं, "डावीकडं काय हाय आता?"

"काई नाई. कापसाची पऱ्हाटी हाय."

"सांगत राहजो."

"पऱ्हाटी," ती समोर बघत म्हणाली. "मंग तूर. एक बाभूय. दोन बाया कापूस वेचून राह्यल्या. एकीनं हात केला."

मी डावीकडं हात केला.