बाबारावांची फुलं

पिपरी मेघेतल्या त्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात फरशी आणि बाबारावांच्या अंगणात फुलं. वीज खात्यातून रिटायर झालेल्या माणसाने चार घरी बसून चहा प्यावा, पण बोलावतं कोण? बाबाराव मातीत रमले. थंडी सरता सरता शेवंती, डेलिया, झेंडू, पिटुनिया, गुलाब, रंगांचा नुसता दंगा उसळायचा. उजाडायच्या आत गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन फाटकात हजर. देवाला फुलं नकोत का!

त्यांच्या बायकोचा, जिजाबाईंचा जळफळाट व्हायचा. "आपल्या घरचं पाणी चालत नाई यायले, फुलं बरे चालतात!"

"नेऊ दे वं," बाबाराव म्हणायचे. "आज फाटकापावतर आल्या, उद्या घरात येतीन."

माणूस भोळा. त्या उद्यासाठी त्याने बैठकीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर बसायला फक्त धूळ आली.

माघात एका सकाळी झाडांना पाणी घालता घालता बाबाराव कोसळले, ते गेलेच. नालवाडीचे नातलग आले, विहारातले लोक आले. गल्लीतले दोघे-तिघे फाटकाबाहेर उभे राहिले आणि मयत उचलताच आंघोळीला पळाले.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई अंगणात आल्या आणि थबकल्या. एकही फूल तुटलेलं नव्हतं. मयताच्या घरचं फूल देवाला कसं चालेल? तिसऱ्या दिवशीही तेच. बाग अशी भरून आली की पाहवेना. बाबारावांना एकदा तरी ती अशी पाहायची होती.

"मेल्याबिगर पाहू नाई देल्ली यायनं," त्या एकट्याच पुटपुटल्या.

पुढच्या आठवड्यात शेजारची वर्षाली फाटकाशी आली. जिजाबाईंना वाटलं, भेटायला आली पोरगी. त्यांनी घाईघाईने पदराने एक खुर्ची पुसलीसुद्धा.

"काकू, तुमच्यात सुतक किती दिवसाचं असते जी?" वर्षालीने बाहेरूनच विचारलं. "शिवरात्र आली नं, म्हणून."

"आमच्यात सुतक नसते. आत ये. चहा घे, मंग लागन तेवढे फुलं ने."

वर्षालीने फुलांकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. "आज उपास आहे, काकू."

उपासाला चहा चालतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिजाबाईंनी आत जाऊन विळा आणला. काकू आपणच फुलं काढून देताहेत असं समजून वर्षालीने ओढणीआडची पिशवी काढली आणि उघडून धरली.

जिजाबाईंनी शेवंती बुडापासून कापली. मग डेलिया, मग झेंडू, मग राहिलेलं सगळं. वर्षाली कधी निघून गेली, त्यांना कळलंही नाही. त्या कापत होत्या, रडत होत्या आणि गेलेल्या नवऱ्याशी भांडत होत्या, "पाह्य, आता पाह्य! आलं का कोणी घरात?"