दोन माणसांचं इंजिन

मी बोलायला तिखट. माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून, आणि घरात लहानमोठे सगळेच तोंडाळ. लग्न होऊन वरवट बकालच्या पलीकडच्या खेड्यात आले तेव्हा नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मोठ्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भासऱ्यासमोर तोंड उघडाचं नाही, लहाने." भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते दिसले की डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंडाला कुलूप. ती रीत मी मुकाट्याने पाळली, आणि त्याचा मला आजही राग येतो.

सासरे वारले आणि वर्षाच्या आत दोघा भावांची वाटणी झाली. भांडण कशावरून झालं म्हणाल, तर धुऱ्यावरच्या एका बोरीवरून. ती तुझ्या बांधात की माझ्या, एवढंच. बोरीला बोरंसुद्धा धड येत नव्हती, आली तर किडकी. पण त्यावरून अंगणात भिंत उभी राहिली आणि दोघांचा अबोला सुरू झाला. आम्ही जावा मात्र भिंतीवरून भाजीची वाटी देत-घेत राहिलो. आमचं कोणाशी वाकडं नव्हतं.

विहीर काही कापून वाटता येईना. तिच्यावरचं सासऱ्यांनी घेतलेलं डिझेलचं इंजिनही दोघांत राहिलं. एक दिवस ओलिताची पाळी आमची, एक दिवस त्यांची. आता त्या इंजिनाची एक खोड होती. त्याच्या डोक्यावर एक खटका होता. तो वर उचलून धरायचा, मग हँडल हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा, मग इंजिन धडधडायला लागतं. त्या खटक्याची स्प्रिंग कधीच गेलेली, त्यामुळे तो आपला आपण वर राहायचा नाही. हँडलला दोन्ही हात लागायचे. म्हणजे हँडल एकाने मारायचं आणि खटका दुसऱ्याने धरायचा. एकदा आमच्या गड्याने खटका वेळेआधी सोडला तर हँडल उलटं फिरून ह्यांच्या मनगटावर बसलं. तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा भरवसा राहिला नाही. पाळी कोणाचीही असो, दिवस उगवला की दोघे भाऊ विहिरीवर हजर.

मी न्याहारी घेऊन जायची तेव्हा बाभळीच्या आडून बघायची. हे हँडल मारत, भासरे खटका धरत. "धर." "सोड." एवढंच बोलणं. तोंडं दोन दिशांना. मला आधी हसू यायचं. म्हटलं, काय ही माणसं, बैलसुद्धा एकमेकांना चाटतात.

पण हळूहळू त्या दोन शब्दांना शेपूट फुटायला लागलं. एक दिवस भासरे म्हणाले, "थंडी पडली." हे म्हणाले, "हाव." पुढे केव्हातरी भासऱ्यांनी सांगितलं, "मिरचीले पानी कमी दे, पिवळी पडून राह्यली." त्या दुपारी हे जेवताना मला तीनदा सांगत होते, दादा असं म्हणला, दादा तसं म्हणला. एरवी ह्यांना बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. मी भिंतीवरून जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत बोलतीन पाह्य." आम्ही दोघी पोळ्याची वाट बघायला लागलो.

पोळ्याच्या आधीच इंजिन बसलं. काळा धूर ओकलं, आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि थांबलं. मलकापूरहून मिस्त्री आणला. त्याने सगळं उघडून कांबळ्यावर मांडलं. दोघे भाऊ दोन बाजूंना उभे, मध्ये मिस्त्री, आणि मी न्याहारीची टोपली घेऊन बाभळीपाशी.

मिस्त्री म्हणाला, "दुरुस्त होते. पिस्टन नवा टाकू, अजून चार-पाच वर्षं पाह्याचं काम नाही. नाहीतर भंगारात देऊन नवं घ्या. नव्याले एकच माणूस पुरते."

ह्यांना दुरुस्तीच हवी होती, मला माहीत होतं. रात्रभर 'बाबाचं इंजिन, बाबाचं इंजिन' चाललं होतं. ह्यांनी भावाकडे पाहिलं. भासऱ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं आणि त्यालाच म्हणाले, "नवंच पाह्य. माह्या पाळीले दुसऱ्यानं काऊन रोज उठून यावं."

ह्यांचा चेहरा उतरला. मला दिसला. ह्यांना वाटलं, भावाला आपलं तोंडही नको आहे. हे म्हणाले, "हाव, नवंच."

आणि मला खरं ठाऊक होतं. त्याच सकाळी मी निघताना जाऊबाई भिंतीवरून म्हणाल्या होत्या, "यायचा जीव लागून राह्यला. म्हणते, हँडल मारून मारून लहान्याची कंबर गेली, तो मले सांगत नाही." भासऱ्यांना भावाची कंबर वाचवायची होती. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. मिस्त्रीला सांगितलं असतं, गड्याला सांगितलं असतं, बाभळीला ऐकवलं असतं तरी चाललं असतं. भासऱ्यांना काही कळवायचं तर बाया तसंच करायच्या. बुलढाण्याची ती तोंडाळ पोर पदर दातांत धरून उभी राहिली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मिस्त्रीसमोर शब्द गेला. आता काय फिरू?" शब्द फिरवणं म्हणजे काय नाक कापून घेणं होतं का? पण त्या घरात होतं.

वाटणीप्रमाणे विहिरीवर दोन नवी इंजिनं आली, ज्याचं त्याचं. भासऱ्यांच्या पाळीच्या पहिल्या दिवशी हे सवयीने उठले, वहाणा घातल्या आणि गेले. अर्ध्या वाटेवर पोचले असतील तोच विहिरीकडून धडधड ऐकू आली. हे परत आले. मी चहा ठेवला. "झालं चालू," म्हणाले, आणि चहा तसाच राहिला.

पुढे कितीतरी पोळे आले आणि गेले. दोघे बोलले नाहीत. लग्नाकार्यात एका पंगतीत बसले, एकमेकांकडे ताट सरकवलं, पण शब्द नाही. भासरे गेले तेव्हा ह्यांनी खांदा दिला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

तेराव्यानंतर जाऊबाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "त्यायनं शपथ घातली होती म्हणून तुले सांगितलं नाही. तुमची पाळी असली की ते सकाळीच वहाणा घालून ओट्यावर बसत. तुमचं इंजिन चालू झाल्याचा आवाज आला की मंग काढत. न जाणो, हाक आली तर."

संध्याकाळी मी ह्यांना ते सांगितलं. ज्यांच्यासाठी तोंडाला कुलूप लावायचं, ते आता उरले नव्हते.

ह्यांनी एकच विचारलं, "रोज?"

"आपल्या पाळीले. रोज."

हे उठले. वहाणा घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.